एका ठिकाणी किती पावसाळे काढायचे?

प्रश्न : काकू, मी खेड तालुक्यातला, वय २७. केमिकलचा डिप्लोमा करून लोट्याला एका कंपनीत प्लँट ऑपरेटर आहे. आधी दोन नोकऱ्या झाल्या, एक दहा महिने, दुसरी सव्वा वर्ष. इथे चार वर्षं तीन महिने झाले. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १६ हजार, वर इतर भत्ते. बरोबरची मुलं गुजरातेत दहेजला, अंकलेश्वरला गेली. दर दीड-दोन वर्षांनी कंपनी बदलतात आणि पगार वाढवून घेतात. मलाही दहेजहून महिना नऊ हजार जास्त देणारी ऑफर आली आहे. बाबा एसटीत कंडक्टर होते, एकाच खात्यात २९ वर्षं. ते म्हणतात, सारखी दारं बदलतोस, कोण भरवसा ठेवील तुझ्यावर? मित्र म्हणतात, तीन वर्षांच्या वर एका जागी राहील तो बावळट. नक्की किती वर्षं राहावं?

उत्तर : बाबांचंही पटतं आणि मित्रांचंही, म्हणून पत्र लिहिलंस ना? लोट्यात कंपन्यांच्या कामगार विभागात बत्तीस वर्षं बसले. माझ्या टेबलापुढे हेल्मेट काखेत धरून हा प्रश्न विचारणारी मुलं इतकी आली की चेहरा बघूनच कळायचं, याच्या खिशात दुसरीकडचं पत्र आहे. वर्षांचा आकडा मी त्यांना कधी दिला नाही, तुलाही देणार नाही. पण तुझा हिशेब मात्र करून देते.

आधी मला हिशेबाचं वेड कुठून लागलं ते सांगते. पहिली नोकरी १९८४ साली, वेंगुर्ल्याला एका काजूच्या कारखान्यात, हजेरी कारकून म्हणून. बिया फोडणाऱ्या, बोरम्यातून, म्हणजे गर वाळवायच्या भट्टीतून, निघालेला गर सोलणाऱ्या, प्रतवारी करणाऱ्या, साऱ्या बायकाच. पैसे किलोवर. मिरग लागला आणि लावणी सुरू झाली की निम्मी हजेरी कोरी. मॅनेजर घाटावरचा, तो खवळायचा, या बायकांना नोकरीची किंमतच नाही म्हणायचा. लावणी आटपली की त्याच बायका पुन्हा दारात. त्यांच्या लेखी त्यांनी नोकरी सोडलीच नव्हती, शेताचं काम होतं ते करून आल्या होत्या. मी मात्र साहेबाने सांगितलं तसं प्रत्येकीचं नाव नव्या पानावर, नव्या तारखेने चढवत होते. दर वर्षी नवी भरती. वीस वीस वर्षं काजू सोललेल्या बाईचं कागदावर एक सलग वर्ष दिसत नसे. हंगामी कामगाराला हंगामामागे सात दिवसांच्या पगाराची ग्रॅच्युइटी, म्हणजे केलेल्या नोकरीबद्दल मालकाने एकरकमी द्यायचे पैसे, कायद्यात आहे, हे मला कळलं त्याला पुढे दहा वर्षं गेली. ती पानं माझ्या अक्षरात होती. तेव्हापासून कुणी नोकरी सोडतो म्हटलं की माझा पहिला प्रश्न एकच : लागल्याची तारीख काय?

तर तुझी तारीख धरू. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. तुला नऊ महिने कमी आहेत. रक्कम किती? शेवटचा मूळ पगार अधिक महागाई, त्याला १५ ने गुणायचं, वर्षांनी गुणायचं आणि २६ ने भागायचं. १६ हजार, पाच वर्षं, म्हणजे ४६ हजार दीडशेच्या आसपास. तू म्हणशील, दहेजला नऊ महिन्यांत ८१ हजार जास्त मिळतील, मग ४६ हजारांसाठी कोण थांबतो? बरोबर आहे, पण तू सध्या घरून डबा घेऊन जातोस. दहेजला खोलीतला वाटा आणि मेस यांचे मी साडेसहा हजार धरते. उरले अडीच हजार, नऊ महिन्यांचे साडेबावीस हजार. त्यातून गणपतीला आणि शिमग्याला यायचं भाडं वजा कर. आता बोल. मेस स्वस्त मिळाली किंवा कंपनीची खोली मिळाली तर आकडे फिरतील, तेव्हा मित्रांना 'पगार किती' हे विचारू नकोस, 'महिनाअखेर हातात किती उरतात' ते विचार. पहिल्या प्रश्नाला मुलं खरं उत्तर देतात. दुसऱ्याला जरा गप्प होतात.

आणखी एक. चार वर्षं पुरी होऊन पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी पाच वर्षं धरावीत, असा मद्रास उच्च न्यायालयाचा जुना निकाल आहे. कित्येक कंपन्या तो मानत नाहीत. त्याच्या भरवशावर पाच पुरी होण्याआधी उठू नकोस, आधी तुझ्या एचआरकडून लेखी घे. दहेजवाल्यांनाही विचारून बघ, रुजू व्हायची तारीख पुढे ढकलता का, नाहीतर माझं बुडणारं देता का. विचारल्याने ऑफर जात नाही. गेलीच, तर त्यांना माणूस नको होता, उद्याच्या पाळीला एक हात हवा होता.

पीएफ काढू नकोस, ट्रान्सफर कर. पाच वर्षांच्या आत काढलास तर त्यावर कर लागतो. ट्रान्सफर केलास तर मागच्या नोकऱ्यांची वर्षं त्यात धरली जातात. आधीच्या दोन नोकऱ्यांचा पीएफ कुठे आहे ते पत्रात लिहिलेलं नाहीस. काढून मोबाइल घेतला असणार. असो.

पैशाचं झालं. आता कामाचं. लोट्यात मुलाखतीला मी साहेबांच्या शेजारी बसायची. अर्जावर एक नोकरी दहा महिन्यांची दिसली तर कुणी भुवई उचलत नसे. लागोपाठ दोन दिसल्या की विचारायचे. तीन दिसल्या की चहाच्या सुट्टीत आधीच्या कंपनीत फोन जायचा, एमआयडीसीत सगळे सगळ्यांना ओळखतात. पण आमचे प्रॉडक्शनचे साहेब वर्षं मोजतच नसत. ते विचारायचे, शटडाउन, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लँट पूर्ण बंद ठेवतात तो काळ, किती पाहिलेस? प्लँट चालू असताना ऑपरेटरला दिसतात ते गेज आणि लॉगबुक. वर्षाच्या शटडाउनला मॅनहोल उघडतं, परमिट घेऊन माणूस आत उतरतो, काचेच्या अस्तराला तडा कुठे गेलाय ते दिसतं, कुठला व्हॉल्व्ह वर्षभर आपल्याला फसवत होता ते कळतं. आणि पाऊस. जून ते सप्टेंबर लोट्यात वीज किती वेळा जाते ते तुला सांगायला नको. बॅच अर्ध्यात असताना वीज गेली तर काय करायचं हे ज्याने दोन पावसाळे केलंय, त्याच्या हातात प्लँट सोडून साहेब जेवायला जातो. तुझ्या पहिल्या दहा महिन्यांत यातलं काय झालं असेल? चार वर्षांत चार शटडाउन झाले. अर्जात 'चार वर्षे अनुभव' एवढंच लिहू नकोस, त्या चार वेळी काय उघडलंस आणि काय बसवलंस ते लिही.

माझा मामा तांडेल होता, मासेमारीच्या बोटीचा म्होरक्या. त्याच्याकडे खलाशी ठरायचे ते हंगामाला. श्रावणाच्या तोंडावर उचल द्यायची, मे संपला की हिशेब. पुढच्या वर्षी एखादा खलाशी दुसऱ्याच्या बोटीवर गेला तर मामाला कधी राग आला नाही, 'गेलो असात, जावंदे' म्हणायचा. पण उचल घेऊन मध्येच दांडी मारली, तर मालवणपासून रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापर्यंत प्रत्येक जेटीवर त्याचं नाव आधी पोचायचं, तो मागून. आता खलाशी नेपाळातून येतात, आंध्रातून येतात, आणि पळालेल्याची बातमी जेटीजेटीला मोबाइलवरून जाते.

आणि बाबा. त्यांच्यावर चिडू नकोस. माझे वडील मुंबईला गिरणीत होते, साचेखात्यात. पहिली सात वर्षं बदली कामगार. म्हणजे रोज पहाटे गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर काम, नाहीतर चालत खोलीवर परत. सात वर्षं असं गेटवर उभं राहिलेला माणूस पर्मनंट झाल्यावर नोकरी सोडेल का? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. वडील वर्षभर वाट पाहून ट्रंक घेऊन गावी आले. म्हणून मी १९८४ ला हजेरी लिहायला लागले, हौस म्हणून नव्हे. मी काजूची नोकरी सोडायला निघाले, तेव्हा वाटलं आता ओरडतील. ते पडवीत बसून सुंभ वळत होते. म्हणाले, "चेडवा, अर्ध्या पानावरसून उठू नको. पण पान वाडलाच नाय, तर बसान रवू नको." तुझ्या बाबांच्या २९ वर्षांमागेही असं काहीतरी असेल. विचारून बघ, एसटीत लागण्याआधी ते काय करत होते.

आता माझी चूक सांगते, म्हणजे उत्तर एकतर्फी होणार नाही. लोट्यातल्या पहिल्या कंपनीत मी २२ वर्षं काढली. त्यातली पहिली बारा कामाची. पुढची दहा मी तेच फॉर्म त्याच रकान्यांत भरत होते. मुलाची शाळा जवळ, कंपनीची बस दारात, ओळखीचा कँटीनवाला बिनसाखरेचा चहा न सांगता आणायचा. सगळीकडे पगारपत्रक कॉम्प्युटरवर गेलं तरी आमच्याकडे वहीच, आणि मला त्या वहीचा अभिमान. २०११ ला ४८ व्या वर्षी मागच्या ओळीतल्या एका लहान कंपनीत गेले, तर पहिल्या दिवशी २३ वर्षांच्या पोरीने मला फाइल सेव्ह कशी करायची ते शिकवलं. लाज वाटली. सहा महिन्यांत जमलं, पण ते बाराव्या वर्षीच व्हायला हवं होतं.

तेव्हा स्वतःला विचार : गेल्या शटडाउनला तू असं काय केलंस, जे त्याच्या आदल्या वर्षी येत नव्हतं? काही सापडलं, तर नऊ महिने थांबून पाच पुरी कर आणि मग बघ. काहीच सापडलं नाही, तरी नऊ महिने थांब, कारण हिशेब तसा सांगतो, पण त्या नऊ महिन्यांत डीसीएसवर, म्हणजे प्लँट चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर, बसायला माग, सेफ्टीचा कोर्स कर, हात रिकामे ठेवू नकोस. एका परिस्थितीत मात्र उद्याच नीघ. तुझा प्लँट अंगाला धोका करत असेल, गळती झाकून चालवत असतील, तर ४६ हजार सोड. मी दोन वेळा मुलांना तसं सांगितलंय, माझ्या साहेबांच्या मागे.

प्रश्न : गणपतीला रजा नाकारली म्हणून राजीनामा देऊन आलो. आता घरचे बोलतात. चुकलं का? (एक वाचक, संगमेश्वर)

उत्तर : तुम्ही पहिले नाही. भाद्रपदात माझ्या टेबलावर असे चार-पाच कागद यायचेच, काही तर वहीच्या पानावर, 'गणपतीस जाणे असल्याने'. विसर्जन होऊन पंधरा दिवस गेले की निम्मे परत गेटवर. साहेब रागात असायचे, पण भट्टीवर माणूस लागायचाच, मग घ्यायचे. मात्र नव्या तारखेने. तिथे मार बसतो.

गणपती सोडा असं मी कोकणातल्या माणसाला सांगणार नाही. पण रजेचा अर्ज जूनमध्ये टाकायचा, पोच घ्यायची, आणि दिवाळीची पाळी मी करतो असं कबूल करायचं. घाटावरच्या सहकाऱ्याला दिवाळी हवी असते, त्याच्याशी अदलाबदल सहज होते. झालं ते झालं. यंदाचा बोनस मात्र सोडू नका. महिना २१ हजारांपर्यंत पगार असेल आणि वर्षात ३० दिवस काम भरलं असेल, तर नोकरी सोडली तरी जेवढं काम केलं त्याचा बोनस मिळतो, किमान ८.३३ टक्के. दिवाळीपूर्वी साधा अर्ज करा.

प्रश्न : मी कुडाळ एमआयडीसीत सहा वर्षं एकाच मशीनवर काम करते. पण कॉन्ट्रॅक्टर तीन झाले. दुसरीकडे अर्ज करताना सहा वर्षं लिहू की दोन? मला सोडायचं आहे. (एक वाचक)

उत्तर : ताई, मशीन एक, हात तेच, आणि कागदावर तीन मालक. अर्जात सहा वर्षं लिहा, खाली तिन्ही कॉन्ट्रॅक्टरांच्या तारखा लिहा. त्यात खोटं काही नाही. सुपरवायझर कंपनीचा असेल, तर त्याच्याकडून कामाचं दोन ओळींचं पत्र मागा. लेटरहेडवर देणार नाहीत, पण कोणी विचारलं तर फोनवर सांगतील एवढा शब्द घ्या.

ग्रॅच्युइटीबाबत कॉन्ट्रॅक्टर हात वर करतील, माझ्याकडे दोनच वर्षं होती म्हणतील. तेव्हा सोडण्याआधी पीएफचं पासबुक मोबाइलवर उघडा. तिन्ही खाती एकाच यूएएनखाली, म्हणजे पीएफच्या कायम नंबराखाली, दिसतात का ते पाहा, मधला एकही महिना कोरा आहे का ते पाहा. पासबुक, पगाराच्या चिठ्ठ्या आणि गेटपास, जुना असला तरी, एका पिशवीत ठेवा. हे घेऊन कामगार अधिकाऱ्याकडे किंवा युनियनच्या माणसाकडे गेलात तर बोलता येईल, नुसत्या तोंडाने गेलात तर नाही. तुमचं नेमणुकीचं पत्र मुदतीच्या करारावरचं आहे का तेही बघा. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाल्या. त्यांत मुदतीच्या करारावरच्या कामगाराला पाच नव्हे, एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे.

आणि कृपा करून पेन्शनचे पैसे काढू नका. मालकाच्या हिश्शातून पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम पेन्शन योजनेत जाते, आणि वेगवेगळ्या नोकऱ्या जोडून दहा वर्षं भरली की ५८ व्या वर्षापासून पेन्शन लागू होते. दर कॉन्ट्रॅक्टर बदलताना फॉर्म १०सी भरून बायका ते पैसे काढतात, आणि त्यांची वर्षं पुन्हा शून्यावर येतात. तुमची सहा झालीत. चारच राहिलीत.

प्रश्न : राजापूर तालुक्यात माझी आंब्याची बाग आहे. एक नेपाळी गुरखा सहा हंगाम माझ्याकडे होता. यंदा ॲडव्हान्स घेऊन ऐन काढणीत शेजारच्या बागेत गेला. हल्ली माणसं टिकत नाहीत. काय करावं? (एक बागायतदार)

उत्तर : ॲडव्हान्स घेऊन काढणीत जाणं वाईटच, त्याची बाजू मी घेत नाही. शेजाऱ्याशी बसून ती रक्कम त्याच्या पगारातून वळती करून घ्या. भांडून मिळणार नाही.

पण तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात 'त्याने' फवारणी केली, 'त्याने' वानर हाकले, 'त्याने' झेल्याने आंबा काढला, हे सविस्तर आहे. मग पाचव्या ओळीत येतं की 'त्याची बायको पेट्या भरायची, पेंढा घालायची, गवत काढायची, गड्यांचं जेवण करायची'. तिला काय देत होता ते कुठे नाही. शेजाऱ्याने दोघांचे वेगवेगळे पैसे ठरवले असतील, तर कारण तिथेच आहे. त्याला सहा वर्षं झाली हे तुम्ही मोजलंत. तिलाही सहाच झाली.

मांगरात, त्यांच्या बागेतल्या खोपटात, वीज आहे का, पाणी विहिरीवरून कोण आणतं, पोरगं शाळेत कसं जातं, हेही तुम्ही लिहिलं नाही. नवं जोडपं दिवाळीच्या आधी ठरवाल. तेव्हा एकट्याने फोनवर भाव करू नका. त्यांना बागेत बोलवा आणि चौघं बसून बोला : तुम्ही, तुमची मंडळी, तो आणि ती. आणि तिचा आकडा आधी विचारा.